बोर्ड गाण्यांवरून बांधायचा

नवीन मुलं शो करायला लागली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, दादा, गिटारला कुठलं पेडल घेऊ? पेडल म्हणजे गिटारचा आवाज बदलणारा, पायाने दाबायचा छोटा डबा, आणि अशी पेडल्स ज्या फळीवर मांडतात तो बोर्ड. आणि मला मनापासून वाटतं की या प्रश्नाचं उत्तर पेडलच्या नावाने देताच येत नाही. तू कुठली गाणी वाजवतोस, कुणाच्या मागे वाजवतोस, आणि तुझ्या सगळ्यात वाईट स्टेजवर लाईट कुठून येते, या तीन गोष्टी कळल्याशिवाय मी काही सांगत नाही. काहींना वाटतं हा टाळतोय. टाळत नाही, उलट एवढं एकच खात्रीने सांगता येतं असं माझं मत झालंय, की बोर्ड गाण्यांवरून बांधायचा आणि वाईटात वाईट स्टेज डोळ्यासमोर ठेवून बांधायचा, दुकानात किंवा व्हिडिओत काय छान वाजलं त्यावरून नाही.

माझं घर पुण्यात, बाकी काम सांगली-साताऱ्यापासून मुंबई-गोव्यापर्यंत, सुपारी असेल तिथे. म्हणजे शुक्रवारी नाट्यगृहात भावगीतांचा कार्यक्रम, जिथे निवेदकाचं बोलणं चालू असताना पंख्याचा आवाजही ऐकू येतो, शनिवारी कुणाच्या तरी संगीतला लॉनवर ऑक्टोपॅड, ढोलकी, दोन कीबोर्ड आणि नाचणारी दोनशे माणसं, आणि रविवारी एखाद्या पबमध्ये चौघांचा रॉक सेट. डिसेंबर-जानेवारीत गोव्यात किंवा वसईत ख्रिस्ती लग्नं असतात, तिथे आधी वॉल्ट्झ, मग जाईव्ह, आणि रात्री उशिरा कोंकणी गाण्यांचा मसाला. गिटार तीच, माणूस तोच. परदेशातल्या व्हिडिओत जे बोर्ड दिसतात ते बहुतेक अशा माणसाचे असतात जो एका बँडमध्ये एकाच प्रकारची गाणी वाजवतो, त्याच्या मागे त्याचा स्वतःचा अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा, असतो, आणि वायर लावायला वेगळा माणूस असतो. ते बोर्ड सुंदर असतात, पण आपल्या कामाचे नसतात.

म्हणून मी काय सांगतो, की वही घे आणि गेल्या काही शोंच्या याद्या काढून प्रत्येक गाण्यापुढे लिही की गिटार तिथे नक्की काय करते. पेडलचं नाव लिहायचं नाही, काम लिहायचं. मुखड्याला बारीक आर्पेजिओ म्हणजे कॉर्डचे एकेक सुटे सूर, फर्स्ट म्युझिकला म्हणजे मुखड्यानंतरच्या वाद्यांच्या तुकड्याला मेंडोलिनचा पीस, अंतऱ्यात नुसता ऱ्हिदम, शेवटी लीड म्हणजे सोलो. असं लिहीत गेलं की लक्षात येतं की शंभर गाण्यांची यादी असली तरी कामं सहा-सातच आहेत, आणि त्यातलं सगळ्यात मोठं काम क्लीन आवाजाचं आहे. साधा, स्वच्छ, गायकाच्या आवाजाला धक्का न लावणारा क्लीन. रात्रभरातला बहुतेक वेळ मी तिथेच असतो, आणि तरी नवीन मुलांच्या बोर्डवर आवाज फाडणारी तीन-तीन डिस्टॉर्शन असतात आणि क्लीनसाठी काहीच नसतं. माझ्याकडे क्लीनसाठी पहिला कॉम्प्रेसर आहे, कमी लावलेला, म्हणजे जोरात मारलेली तार थोडी दबते आणि हळू वाजवलेली थोडी वर येते. जास्त लावला की वाजवण्यातला जीव जातो, आणि शिवाय तारांमागची सगळी खरखर वर येते, त्यामुळे त्याचा सस्टेनचा नॉब अर्ध्याच्या खालीच ठेवायचा हे माझं ठरलेलं.

आता मेंडोलिनचं. हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. जुन्या हिंदी गाण्यांत, कोळीगीतांत मेंडोलिनचे पीस किती आहेत बघा, आणि आज शोमध्ये मेंडोलिनवाला परवडत नाही म्हणून ते कीबोर्डवर जातात नाहीतर गिटारवाल्याकडे येतात. कीबोर्डवर सूर येतात पण पिकचा तो ट्रेमोलो, तो थरथरता हात, तो येत नाही, म्हणून मी ते पीस हक्काने मागून घेतो. मेंडोलिनला तारांच्या चार जोड्या असतात आणि जोडीतल्या दोन तारा कधीच शंभर टक्के एका सुरात नसतात, ती जी बारीक लहर आहे तीच त्या वाद्याची ओळख. मग गिटारवर ब्रिज पिकअप, म्हणजे तारांच्या खालच्या टोकाजवळचा आवाज पकडणारा भाग, घ्यायचा, खालचा बेस कापायचा, सातव्या फ्रेटच्या वर वाजवायचं, आणि कोरस (सुराला किंचित लहरणारी जोड देणारं पेडल) अगदी थोडा, इतका थोडा की कोरस लावलाय हे कुणाला कळू नये पण बंद केला तर काहीतरी गेलं असं वाटावं. वर शंभर मिलिसेकंदाच्या आसपासचा एकच रिपीट असलेला डिले, म्हणजे प्रतिध्वनी. एवढ्यावर पहिल्या रांगेतली म्हातारी माणसं मान हलवतात.

हवाईयन गिटारचं पण तसंच. वॅन शिपली, सुनील गांगुली यांच्या फिल्मी धुनांच्या रेकॉर्ड्स ज्यांनी ऐकल्यात त्यांना माहितीय की तो आवाज आपल्याकडे किती घराघरात पोचलेला होता. साध्या इलेक्ट्रिक गिटारवर करंगळीत स्लाईड घालून ते जवळपास जमतं, पण आपल्या गिटारच्या तारा फळीच्या जवळ असल्याने स्लाईड दाबली की फ्रेटवर खडखडते, म्हणून हात अगदी हलका ठेवायचा, आणि हलक्या हाताने सूर टिकत नाही म्हणून कॉम्प्रेसर. म्हणजे एकच कॉम्प्रेसर भावगीताच्या आर्पेजिओला, स्लाईडला आणि लग्नातल्या फंकी ऱ्हिदमला. बोर्डवर प्रत्येक वस्तूने असं दोन-तीन कामांना उपयोगी पडलं पाहिजे, नाहीतर तिला जागा नाही.

व्हॉल्यूम पेडल हे त्यातलं सगळ्यात दुर्लक्षित. ते मोठं असतं, जड असतं, आणि त्याला स्वतःचा आवाज नसतो म्हणून कुणाला घ्यावंसं वाटत नाही. पण ते ओव्हरड्राइव्हच्या, म्हणजे आवाज किंचित फाडणाऱ्या पेडलच्या, नंतर आणि डिलेच्या आधी लावलं, की टाच खाली ठेवून तार छेडायची आणि मग हळूहळू पाय पुढे दाबायचा, पिकचा टक आवाजच जातो आणि सूर व्हायोलिनसारखा उमलत येतो, आणि पाय मागे घेतला तरी डिलेची शेपूट वाजत राहते. सैराटची गाणी २०१६ पासून प्रत्येक शोमध्ये आहेत. त्या गाण्यांसाठी केवढा मोठा पाश्चात्त्य वाद्यवृंद अमेरिकेत जाऊन रेकॉर्ड केलेला आहे, आणि स्टेजवर आम्ही सहा जण. दोन कीबोर्डवाल्यांतला एक बासरी आणि दुसरा ब्रास वाजवत असेल तर व्हायोलिनची गादी कोण धरणार? ती मी व्हॉल्यूम पेडलवर धरतो. गझल-भावगीतात तर अंतऱ्याच्या शेवटी गायक मींड घेऊन खाली येत असताना मागून असा एक सूर उमलला की गायक वळून बघतात. त्या बघण्यासाठी मी ते जड धूड गावोगाव वाहतो.

ओव्हरड्राइव्हकडे येऊ. बॉस कंपनीने छोट्या पेडल्सची मालिका १९७७ ला सुरू केली त्यात ओडी-वन होतं, पुढच्या वर्षी ते केशरी डीएस-वन आलं जे आजही मिळतं, आणि त्याच सुमारास आयबानेझ कंपनीचं हिरवं ट्यूब स्क्रीमर. ट्यूब स्क्रीमरबद्दल एक गोष्ट समजून घेतली की अर्ध्या पेडल्सचं गणित समजतं. ते बेस कापतं आणि साधारण ७२० हर्ट्झच्या आसपासचा मधला भाग पुढे आणतं. घरी एकट्याने वाजवताना ते नाकातून बोलल्यासारखं लागतं, मुलं म्हणतात पातळ आहे, विकून टाकतात. पण स्टेजवर खाली बेस गिटार आणि ढोलकीचा धुम आहे, वर झांजा आणि ऑक्टोपॅड आहे, आणि गिटारला मोकळी जागा फक्त मध्येच आहे. तिथेच ते पेडल बसतं.

याच्यामागे कानाचंही शास्त्र आहे. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ ला दाखवून दिलं की आवाज हळू असेल तर आपल्या कानाला बेस कमी ऐकू येतो, आणि आवाज वाढला की तोच बेस भरभरून ऐकू येतो. आता रात्री घरी, शेजारी झोपलेत म्हणून हळू आवाजात तुम्ही टोन लावलात, तर कानाला बरं वाटावं म्हणून तुम्ही बेस आणि ट्रेबल वाढवणार आणि मिड कमी करणार, आणि तोच टोन दुसऱ्या दिवशी मोठ्या आवाजात घुमतो, टोचतो, आणि गर्दीत हरवतो. म्हणून माझं सगळं सेटिंग मी रिहर्सलमध्ये करतो, ढोलकी आणि बेस चालू असताना. घरी मी फक्त वायरिंग करतो.

ओव्हरड्राइव्ह दोन हवेत असं माझं मत, तीन नाही. पहिलं अगदी कमी गेनचं, म्हणजे आवाज अगदी थोडा फाडणारं, गिटारचा व्हॉल्यूम सातवर असताना जवळजवळ क्लीन आणि दहावर किंचित चरचरीत. सत्तरच्या दशकातल्या राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांना हेच लागतं. दम मारो दमची ती सुरुवातीची गिटार भूपिंदर सिंग यांनी वाजवलेली आहे आणि लोक त्या सुरुवातीसाठी थांबलेले असतात, तिथे भरपूर डिस्टॉर्शन लावलं की सगळा नशीला पोत निघून जातो. दुसरं ट्यूब स्क्रीमर जातीचं, ते एकटं लावलं तर ऱ्हिदम आणि पहिल्यावर चढवलं तर लीड. दोन पेडल्समध्ये चार आवाज झाले. शेवटी एक साधा बूस्ट, ओव्हरड्राइव्हच्या नंतर लावलेला, कारण आधी लावला तर गेन वाढतो पण आवाज फार वाढत नाही, आणि सोलोला आपल्याला आवाज हवा असतो. तो चार-पाच डेसिबल पुरे. त्याच्यापेक्षा जास्त दिला की साऊंडवाला मिक्सरवरचा तुमच्या आवाजाचा फेडर खाली ओढतो आणि मग रात्रभर परत वर करत नाही.

डिलेबद्दल एक आपल्याकडचीच अडचण सांगतो जी परदेशी व्हिडिओत कुणी सांगणार नाही. तिकडे सगळे डॉटेड एटथ, म्हणजे पाऊण ठोक्याच्या अंतराने येणारा प्रतिध्वनी, लावतात. हिशोब सोपा, साठ हजाराला बीपीएमने, म्हणजे मिनिटाला किती ठोके त्या आकड्याने, भागायचं म्हणजे एका ठोक्याचे मिलिसेकंद येतात, शंभरच्या लयीला ६००, त्याचा पाऊण म्हणजे ४५०. केहरव्याच्या गाण्यात हे मस्त बसतं. पण दादऱ्यात तोच डिले लावला की सहा मात्रांच्या झोक्यात तो आडवा येतो, तबलजीला खटकतं, आणि गायकाला नक्की काय खटकतंय ते कळत नाही पण खटकतं. दादऱ्यात डिले सरळ एका मात्रेवर ठेवायचा नाहीतर बंद. दुसरं, आपले शो सगळेच क्लिकवर, म्हणजे ठरलेल्या लयीच्या टिकटिकीवर, नसतात. लग्गी, म्हणजे ठेक्याचा चपळ प्रकार, सुरू झाली की लय चढणारच, ढोलकीवाला रंगात आला की गाणं जिथे सुरू झालं तिथे संपत नाही, आणि ते तसंच असायला पाहिजे. त्यामुळे टॅप टेम्पो, म्हणजे पायाने टॅप देऊन लय सांगायची सोय, नसलेला डिले माझ्या कामाचा नाही, तो कितीही गोड असला तरी. पायाने ढोलकीबरोबर चार टॅप द्यायचे आणि पुढे जायचं.

रिव्हर्बवर, म्हणजे हॉलसारख्या घुमाऱ्यावर, मी जास्त बोलणार नाही. हॉलचा स्वतःचा असतो, साऊंडवाला वरून घालतो, मी एक छोटा ठेवतो आणि बहुतेक वेळा तो बंद असतो.

ट्यूनर मात्र सगळ्यांत आधी घ्यायचा, गिटारच्या खालोखाल. नुसतं सुरात राहण्यासाठी नाही, तो दाबला की आवाज बंद होतो म्हणून. निवेदक बोलत असताना, गायिका पाणी पीत असताना, गिटार बदलताना जॅक काढताना, त्या वेळी स्पीकरमधून काहीही येता कामा नये. आणि आपल्याकडे सूर ऐनवेळी बदलतात. घसा बसलाय, काळी चारचं गाणं आज पांढरी चारमधून घेऊ या, असं विंगेत उभं राहून सांगितलं जातं, आणि त्यात गायकाची काही चूक नाही, गळा आहे तो, की नाही? कीबोर्डवाला ट्रान्सपोजचं बटण दाबतो. गिटारवर मोकळ्या तारांचा पीस असेल तर मात्र पंचाईत होते. सूर वर गेला तर कापो, म्हणजे तारांवर लावायचा चिमटा, आहे, खाली आला तर कापोचा उपयोग नाही. त्यासाठी सगळ्या तारांचा सूर एकदम अर्ध्या-अर्ध्या पट्टीने खाली नेणारं पेडल मिळतं. मी बरेच दिवस ते चैन समजत होतो, आता ते माझ्या बोर्डवर कायमचं आहे कारण ते गायकाच्या उपयोगाचं आहे.

आता लाईट. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण शो पेडलमुळे बिघडताना मी फारसा पाहिला नाही, लाईटमुळे बिघडताना खूप पाहिलाय. बहुतेक पेडल्स नऊ व्होल्ट डीसीवर चालतात, प्लगचा मधला भाग निगेटिव्ह. पण नऊ व्होल्ट जुळले म्हणजे झालं असं नाही, प्रत्येकाला करंट किती लागतो तो बघायचा. साध्या अॅनालॉग ओव्हरड्राइव्हला दहा-बारा मिलिअँपिअर पुरतात, पेडल ट्यूनरला तीस वगैरे, डिजिटल डिले साठ-सत्तर किंवा जास्त, आणि मोठे डिजिटल रिव्हर्ब तर अडीचशे-तीनशे. एका अॅडॉप्टरवरून माळेसारखी वायर नेऊन सगळी जोडली की डिजिटल पेडलमधली बारीक शिट्टी ओव्हरड्राइव्हमध्ये शिरते, आणि ओव्हरड्राइव्हचं कामच बारीक आवाज मोठा करणं आहे. म्हणून आयसोलेटेड सप्लाय, ज्यात प्रत्येक आउटपुट बाकीच्यांपासून वेगळा असतो. तो महाग वाटतो आणि त्याने आवाजात काही नवीन येत नाही, तरीसुद्धा माझं ठाम मत आहे की बजेट कमी असेल तर एक पेडल कमी घ्या पण सप्लाय हाच घ्या.

हे झालं बोर्डच्या आतलं. बाहेर मंडप आहे. गणपतीत, जत्रेत, लॉनवर लाईट कधी जनरेटरवरून येते, कधी जवळच्या खांबावरून, आणि तीन पिनांचं सॉकेट दिसलं म्हणजे त्याच्यामागे अर्थिंग असेलच असं नाही. गिटारच्या तारा वायरीतून बोर्डच्या आणि अँपच्या अर्थला जोडलेल्या असतात, गायनाचा माईक साऊंडवाल्याच्या मिक्सरच्या अर्थला, आणि या दोन अर्थमध्ये फरक असेल तर तारांवर हात ठेवून तुम्ही माईकजवळ ओठ नेलेत की झटका बसतो. हा झटका जीवघेणा ठरू शकतो, यात अतिशयोक्ती नाही. म्हणून माझ्या बॅगेत तीन पिनांचा सॉकेट टेस्टर असतो, छोटे दिवे असलेला, तो लावून फेज, न्यूट्रल, अर्थ बघितल्याशिवाय मी बोर्ड लावत नाही. आणि एक हात जोडून सांगतो, हम येतो म्हणून अॅडॉप्टरची किंवा एक्स्टेन्शनची अर्थ पिन कधीही तोडू नका किंवा टेप लावून बंद करू नका. हम घालवायचा असेल तर डीआय बॉक्सवर, म्हणजे गिटारचा सिग्नल मिक्सरला द्यायच्या डब्यावर, ग्राऊंड लिफ्टचं बटण असतं, ते फक्त ऑडिओच्या वायरीतला अर्थ तोडतं, लाईटचा नाही. शिवाय विजेची लाईन साऊंडवाल्याच्या वीज-बोर्डवरून मागायची, स्टेजच्या दिव्यांच्या लाईनवरून नाही. डिमर चालू झाले की सिंगल कॉइल पिकअपमध्ये जी भुणभुण येते ती कुठल्याही पेडलने जात नाही. मंडपवाल्याला नमस्कार करून, चहा घेता घेता विचारायचं, दादा साऊंडची लाईन कुठली? तो सांगतो. त्याला कुणी विचारत नाही एवढंच.

वेळ पण नसतो हे लक्षात ठेवा. रात्री दहाला लाऊडस्पीकर बंद, ठरावीक सणांचे दिवस सोडले तर हा नियम आहे, त्यामुळे उघड्यावरच्या कार्यक्रमाला उशीर झाला की तो वेळ साऊंडचेकमधून कापला जातो. मग तुमच्या हातात दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत बोर्ड जमिनीवर ठेवला की एक लाईटची वायर, एक गिटारची, एक बाहेर जाणारी, एवढ्या तीनच गोष्टी कराव्या लागल्या पाहिजेत. याच्यापेक्षा जास्त काही लागत असेल तर तो बोर्ड घरचा आहे, शोचा नाही.

वायरींचं एक सांगायचं राहिलं. गिटारच्या वायरीला स्वतःची कपॅसिटन्स असते, मीटरला साधारण शंभर पिकोफॅरड धरा, आणि साध्या पॅसिव्ह पिकअपचा सिग्नल नाजूक असतो. गिटारपासून बोर्डपर्यंत सहा मीटर, बोर्डपासून पुढे सहा मीटर, मध्ये पॅच केबल, आणि सगळी पेडल्स ट्रू बायपास, म्हणजे बंद असताना सिग्नल जसाच्या तसा पुढे सोडणारी, असतील तर बंद असताना ही सगळी लांबी एकत्र धरली जाते आणि वरचा चमकदार भाग मरतो. ट्रू बायपास म्हणजे उत्तम असा एक समज फार पसरलेला आहे. बोर्डच्या सुरुवातीला एक चांगला बफर, म्हणजे सिग्नलला बळ देणारं सर्किट, असला की हा प्रश्न मिटतो, आणि बऱ्याच पेडल ट्यूनरमध्ये तो असतोच. अपवाद फक्त जुन्या पद्धतीच्या फझचा, म्हणजे खूप फाटक्या आवाजाच्या पेडलचा, त्याला गिटार थेट हवी असते, मध्ये बफर आला की तो चिडका वाजतो. फझ असेल तर तो सगळ्यांत आधी. माझ्या याद्यांमध्ये फझचं काम निघत नाही म्हणून तो घरी असतो, आणि मला तो आवडतो बरं का, खूप आवडतो.

अँपचं काय? पबमध्ये आणि कॉलेजच्या फेस्टला अँप मिळतो. नाट्यगृहात आणि लग्नात बहुतेक वेळा मिळत नाही, सिग्नल सरळ मिक्सरमध्ये जातो. आता गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं वाजवतच नाही, आपण ज्याला डिस्टॉर्शनचा गोड आवाज म्हणतो त्यात त्या स्पीकरचा अर्धा वाटा आहे. तो काढून ओव्हरड्राइव्ह थेट मोठ्या स्पीकरमध्ये दिला तर मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखं वाजतं. म्हणून बोर्डच्या शेवटी कॅब सिम्युलेटर, ज्यात खऱ्या कॅबिनेटच्या, म्हणजे स्पीकरच्या पेटीच्या, आवाजाचा ठसा (इम्पल्स रिस्पॉन्स) भरलेला असतो आणि ज्याला डीआय आउटपुट असतो. एक आउटपुट कॅबसकट मिक्सरला, दुसरा कॅबशिवाय अँपला. हे पेडल माझ्या मते आपल्याकडच्या गिटारवाल्याने ट्यूनर आणि सप्लायनंतर तिसरं घ्यायचं पेडल आहे, ओव्हरड्राइव्हच्याही आधी. साऊंडवाल्याला एक्सएलआर वायर हातात दिली की त्याचा चेहरा खुलतो, आणि साऊंडवाला खूश तर तुमचा मॉनिटर, म्हणजे स्टेजवर स्वतःला ऐकायचा स्पीकर, चांगला.

बोर्डची फळी मी सुताराकडून करून घेतली. बॉसचं छोटं पेडल ७३ मिलिमीटर रुंद आणि वजन चारशे ग्रॅमच्या आसपास, दोन्ही बाजूंनी चपटे जॅक धरले की साठ सेंटिमीटरच्या ओळीत सहा आरामात बसतात. साठ बाय तीस, मागे थोडी उचललेली, मधे फट ठेवून वायरी खालून काढलेल्या, खाली सप्लाय स्क्रूने बसवलेला. बारा मिलिमीटर प्लाय, वर वेल्क्रो. जॅक, वायर, सोल्डर सगळं बुधवार पेठेत तापकीर गल्लीत मिळतं, मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडला. पॅच केबल स्वतः सोल्डर करायला शिका, एका दुपारचं काम आहे, आणि शोच्या आधी एक जॅक सुटला तर दुसऱ्या कुणाची वाट बघावी लागत नाही. वजन महत्त्वाचं आहे, कारण लोकलमध्ये दादरला चढताना एका खांद्यावर गिटार आणि दुसऱ्या हातात हे असतं, आणि विमानाने जायचं तर केबिनला सात किलो आणि चेक-इनला पंधरा एवढंच सहसा धरतात. माझा बोर्ड त्या पंधरात कपड्यांसकट बसतो, आणि तो तसा बसावा म्हणून मी एक वाह पेडल काढलं.

पावसाळ्यात जास्त काळजी. गणपती म्हणजे भर दमट हवा, आणि कोकण-गोव्यात तर बाराही महिने खारं वारं, जॅकवर गंज चढतो आणि मग हात लावला की खर्र होतं. मी बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो आणि अधूनमधून सगळे जॅक कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसतो. बोर्ड स्टेजवर थेट जमिनीवर न ठेवता खाली रबरी मॅट टाकतो, मंडपातलं कार्पेट ओलं असतं.

एवढं सगळं वाचून कुणी विचारणार, मग मल्टी-इफेक्ट का घेत नाही, एका डब्यात सगळं येतं की. अगदी बरोबर प्रश्न आहे आणि मी त्याच्या विरोधात अजिबात नाही. ज्याला एकाच वेळी पैसे घालायचेत, ज्याचे आठवड्याला तीन वेगवेगळे शो आहेत, त्याने खुशाल घ्यावा, आजचे मोडेलर, म्हणजे असे डिजिटल डबे, फार चांगले वाजतात, त्यात कॅबही असतो, सूर खाली नेणंही असतं. मला वेगळी पेडल्स एवढ्यासाठी हवीत की गायक अंतरा परत घेतो तेव्हा मला स्क्रीनकडे न बघता वाकून एक नॉब फिरवता यायला हवा, आणि एक पेडल मेलं तर ते काढून बाकीच्यांवर शो पार पडायला हवा. माझा एक मित्र फ्लोअर मोडेलर वापरतो आणि त्याने त्याची सगळी सेटिंग गाण्याच्या नावाने नाही तर कामाच्या नावाने साठवलीयत, क्लीन, मेंडोलिन, स्लाईड, ऱ्हिदम, लीड. म्हणजे त्याने पण वहीच केली, फक्त डब्यात केली. मोडेलर घेणाऱ्याने एकच करावं, सोबत नऊ व्होल्टच्या बॅटरीसकट एक साधं ओव्हरड्राइव्ह आणि एक पॅसिव्ह डीआय बॉक्स बॅगेत ठेवावा. मंडपात व्होल्टेज पडलं आणि डबा रीस्टार्ट व्हायला लागला, तर गिटार ओव्हरड्राइव्हमधून डीआयमध्ये लावायची, टोन नॉब खाली घ्यायचा आणि गाणं पुढे चालू ठेवायचं.